यू-१८०: नेताजींना घेऊन गेलेली जर्मन पाणबुडी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी २३ जानेवारी जवळ आली की नेताजींच्या पाणबुडी प्रवासाचे मेसेज फिरायला लागतात. त्यातले काही खरे असतात, काही अर्धवट, काही निव्वळ रचलेले. बहुतेकांमध्ये नेताजी मादागास्करजवळ पाणबुडीतून उतरले की गोष्ट संपते. पाणबुडीची गोष्ट तिथे संपली नव्हती. ती त्यानंतर सव्वा वर्ष होती, आणि शेवटी सगळ्या माणसांसकट समुद्रात नाहीशी झाली. म्हणून इथे प्रश्न नेताजींपासून सुरू झाले तरी उत्तरं पाणबुडीच्या शेवटापर्यंत नेली आहेत.

यू-१८० ही नेमकी कोणती पाणबुडी?

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन नौदलाची लांब पल्ल्याची पाणबुडी. ती ब्रेमेनच्या ‘एजी वेझर’ गोदीत बांधली. बांधणी फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाली, १० डिसेंबर १९४१ ला जलावतरण झालं आणि १६ मे १९४२ ला ती नौदलात दाखल झाली. पहिला कप्तान वेर्नर मुझेनबर्ग. लांबी साधारण ८७ मीटर आणि पृष्ठभागावर असताना वजन १,६०० टनांच्या वर. त्या काळच्या पाणबुड्यांमध्ये ही मोठी म्हणायची. अटलांटिकमध्ये ब्रिटिश काफिल्यांवर तुटून पडणाऱ्या नेहमीच्या जर्मन पाणबुड्या जेमतेम ६७ मीटरच्या असत.

तिच्या प्रकाराचं नाव ‘नऊ-डी-एक’. या प्रकारच्या फक्त दोनच पाणबुड्या झाल्या, यू-१८० आणि यू-१९५. ही जुळी बहीण लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

‘यू’ म्हणजे काय?

जर्मन भाषेत पाणबुडीला ‘उंटरझेबोट’ म्हणतात, म्हणजे समुद्राखालची नाव. त्यातलं पहिलं अक्षर ‘यू’. जर्मन उच्चार ‘ऊ-बोट’ असा आहे, आपल्याकडे इंग्रजीवरून ‘यू-बोट’ रूढ झालं.

दोनच का बांधल्या? काही खोट होती का?

होती, आणि ती इंजिनात होती. जर्मनीकडे वेगवान टॉर्पेडो बोटींसाठी (टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून धावणारं स्फोटक अस्त्र) केलेलं मर्सिडीज-बेंझचं २० सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. असली सहा इंजिनं या पाणबुडीत बसवली. हेतू सरळ होता: पाणबुडी पृष्ठभागावर जोरात पळावी. पळालीही. २० नॉटच्या, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या वर वेग मिळाला, आणि पाणबुडीच्या मानाने तो फार मोठा होता.

पण टॉर्पेडो बोट रात्री बंदरातून सुटते, दोन-चार तास धुमाकूळ घालते आणि पहाटे परत येते. तिचं इंजिन त्या धावपळीसाठी घडवलेलं. तेच इंजिन महिनोन्‌महिने, विषुववृत्त ओलांडून, कोमट समुद्रात चालवायचं म्हटलं तर ते तापणारच. तापायचं, गळायचं आणि वर धूर सोडायचं. जिचं सगळं बळ न दिसण्यात, तिच्या पाठीमागे आकाशात धुराची रेघ! पुढे ही इंजिनं काढून टाकावी लागली, त्याबद्दल खाली येईलच. नेताजी गेले ते मात्र याच सहा इंजिनांच्या संगतीत.

नेताजींना पाणबुडीनेच का जावं लागलं?

नेताजी एप्रिल १९४१ मध्ये काबूल-मॉस्को मार्गे बर्लिनला पोहोचले होते. तिथे ‘आझाद हिंद’ केंद्र, रेडिओ आणि युद्धकैद्यांतून उभी केलेली फौज एवढं त्यांनी केलं. पण डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, आणि हजारो हिंदी सैनिक जपानच्या ताब्यात आले. हिंदुस्थानची सरहद्द आता पूर्वेकडून जवळ होती. बर्लिनमध्ये बसून राहण्यात अर्थ उरला नव्हता.

जायचं कसं हा प्रश्न होता. जमिनीवरून वाट नाही, साधं जहाज वाटेत पकडलं जाणार. विमानाचा विचार झाला, पण इतक्या लांबचं उड्डाण शत्रूच्या हद्दीवरून करणं धोक्याचं होतं. मे १९४२ च्या भेटीत हिटलरनेही विमानापेक्षा पाणबुडी बरी असंच सुचवलं. ठरायला आणि निघायला मात्र पुढचा फेब्रुवारी उजाडला.

त्या निघण्यात एक घरगुती बाजू होती, ती सहसा कुणी सांगत नाही. २९ नोव्हेंबर १९४२ ला व्हिएन्नात त्यांची मुलगी अनिता जन्मली होती. वडील निघाले तेव्हा ती सव्वादोन महिन्यांची होती.

ते ८ फेब्रुवारीला निघाले की ९ ला?

दोन्ही तारखा वाचायला मिळतात. ८ फेब्रुवारी १९४३ ही तारीख त्यांनी थोरले बंधू शरदचंद्र यांना बंगालीत लिहून ठेवलेल्या पत्रावर आहे. पुन्हा संकटाच्या वाटेवर निघतो आहे, इथे मी लग्न केलं आहे, मला मुलगी आहे, माझ्यामागे त्यांना सांभाळा, असा त्या पत्राचा आशय. पाणबुडीच्या गस्तीची नोंद ९ फेब्रुवारीची आहे: उत्तर जर्मनीतल्या कील बंदरातून प्रयाण.

बरोबर कोण होतं?

आबिद हसन. मूळचे हैदराबादचे, जर्मनीत इंजिनिअरिंग शिकायला गेलेले आणि तिथेच नेताजींना येऊन मिळालेले. ‘जय हिंद’ या अभिवादनाचं श्रेय बहुतेक जण त्यांनाच देतात. पुढे स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेत ते राजदूत झाले. या प्रवासाच्या आतल्या ज्या आठवणी आज आपल्याला माहीत आहेत त्या बऱ्याचशा त्यांनी सांगितलेल्या. ते बरोबर नसते तर आपल्या हाती नुसत्या तारखा राहिल्या असत्या.

पाणबुडीच्या आत माणसं राहायची कशी?

हे नुसतं वाचून कळत नाही. कीलजवळच्या लाबो गावात समुद्रकिनारी यू-९९५ नावाची त्याच काळातली पाणबुडी उभी करून ठेवली आहे. मी तिच्यात शिरलो होतो. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर भिंतीतल्या गोल भोकातून. आधी एक पाय टाकायचा, मग डोकं वाकवून अंग आत घ्यायचं, मग दुसरा पाय. मधल्या बोळातून समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यायचं. बोळाच्या दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या. झोपलेल्या माणसाच्या कानापासून वीतभर अंतरावरून बाकीचे ये-जा करणार. आम्ही पंधरा मिनिटांत बाहेर पडलो आणि सगळ्यांनी आधी दीर्घ श्वास घेतला. यू-१८० हिच्यापेक्षा वीस मीटर लांब होती, पण ती लांबी इंजिनं, इंधनाच्या टाक्या आणि टॉर्पेडो यांनी भरलेली. पन्नासहून जास्त माणसं उरलेल्या जागेत राहायची.

आता त्यात डिझेलचा वास घाला. आबिद हसन यांच्या आठवणींत हा वास सतत येतो. पावाला डिझेलचा वास, पांघरुणाला डिझेलचा वास. जर्मन पाणबुड्यांवर गोडं पाणी पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं, अंघोळ विसरायची. शत्रूच्या टप्प्यात असताना पाणबुडी दिवसा पाण्याखाली विजेच्या मोटरवर सावकाश सरकायची आणि रात्री वर येऊन डिझेल इंजिनं चालवायची, म्हणजे बॅटऱ्याही भरल्या जायच्या. त्यामुळे सूर्य दिसायचा नाही. रात्री मनोऱ्याचं झाकण उघडलं की थंड हवा आत यायची, तेवढाच दिलासा.

नेताजी तेव्हा ४६ वर्षांचे होते. मंडालेच्या तुरुंगात तब्येत बिघडली होती ती कायमचीच नाजूक झाली होती. अशा माणसाने अडीच महिने त्या नळीत काढले.

खिचडीची गोष्ट खरी आहे का?

हो, आबिद हसन यांनीच सांगितलेली आहे. डबाबंद मांस आणि डिझेलचा वास मारणारा पाव नेताजींच्या घशाखाली उतरेना. हसन यांनी पाणबुडीच्या कोठारात शोधाशोध केली तेव्हा त्यांना तांदूळ आणि डाळ सापडली. अंड्याची पूडही होती. त्यांनी खिचडी रांधली. नेताजींनी ती आवडीने खाल्लीच, वर जर्मन अधिकाऱ्यांनाही बोलावून वाढायला लावली. हसन यांचा जीव वरखाली, कारण साठा मोजका आणि प्रवास अजून कितीतरी उरलेला. घरात पाहुणे आले की घरच्या बाईच्या मनात भाताच्या पातेल्याचा जो हिशेब चालतो, तोच.

नेताजी दिवसभर काय करायचे?

काम. आपल्या जुन्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती त्यांनी हाती घेतली होती. ते सांगायचे, हसन लिहून घ्यायचे. पूर्वेला गेल्यावर काय बोलायचं, फौज कशी उभारायची, याची तयारीही चालायची.

त्यातला एक प्रसंग हसन यांनी सांगून ठेवला आहे. एका जहाजावर हल्ला करताना चूक झाली आणि पाणबुडी भलत्या वेळी पाण्यावर आली. समोरचं जहाज तिच्याच अंगावर यायला लागलं. घाईघाईने बुडी मारण्याचे हुकूम सुटले, सगळं हादरलं, आता संपलंच असं हसन यांना वाटलं. नेताजी मजकूर सांगतच होते. मग त्यांनी हसन यांच्याकडे पाहून विचारलं, हा मुद्दा मी दोनदा सांगितला, तुम्ही तो लिहून का घेतला नाही? मला या गोष्टीत त्यांच्या धैर्यापेक्षाही हसन यांचा प्रामाणिकपणा जास्त भावतो. आपले हात थांबले होते हे त्यांनी लपवलं नाही.

नेताजी आत असताना या पाणबुडीने जहाज बुडवलं होतं का?

हो. १८ एप्रिल १९४३ ला, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या समुद्रात. ‘कॉर्बिस’ नावाचं ८,१३२ टनी ब्रिटिश तेलवाहू जहाज. टॉर्पेडो लागल्यावर ते पेटलं. फार थोडे खलाशी वाचले.

हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकांना यात पराक्रम दिसतो. दुसऱ्यांना नेताजींवर बोट ठेवायचं असतं. दोघांनाही माझं उत्तर एकच: ते पाणबुडीवर प्रवासी होते, हुकूम कप्तानाचा होता, आणि जळत्या तेलात मेलेली माणसं मात्र खरी होती. त्या माणसांबद्दल आपण काहीच बोलत नाही.

त्या काळात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदी खलाशी फार मोठ्या संख्येने असत. भट्टीखान्यात कोळसा ओढणारे, डेकवर दोर ओढणारे, भांडारात काम करणारे. सिल्हेट, चितगाव, पंजाब, गोवा आणि आपलं कोकण इथली ही माणसं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी खाडीकाठच्या गावांत त्या पिढीतला एखादा तरी पुरुष ‘बोटीवर’ असायचा. दुसऱ्या महायुद्धात असे हजारो हिंदी खलाशी बुडाले. मुंबईत मशीद बंदराजवळ खलाशांचं वसतिगृह आहे, तिथे त्यांचं स्मरण जपलेलं आहे. जर्मन पाणबुड्यांचा इतिहास मराठीत लिहायचा तर त्या पाणबुड्यांसमोर पाण्यात कोण होतं हेही लिहायला हवं. ‘कॉर्बिस’वर कोकणातलं कुणी होतं असं मी म्हणत नाही. पण अशा जहाजांवर होते.

दोन पाणबुड्यांची भेट कशी झाली?

ठरलेली जागा मादागास्करच्या आग्नेयेला, किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, भर समुद्रात. जपानी पाणबुडी आय-२९ मलायातल्या पेनांगहून निघून तिथे आली. तिचा कप्तान इझू जुइची, आणि त्याच्यावर तुकडीचा प्रमुख तेराओका मासाओ. तिच्या अंगाला जर्मन पाणबुडी लागायची नव्हती, कारण उघड्या समुद्राच्या लाटांत दोन पोलादी धुडं एकमेकांना लागली तर दोन्ही फुटतील.

२६ एप्रिलला दोघी एकमेकींना दिसल्या. समुद्र खवळलेला होता, माणसं पलीकडे नेणं शक्य नव्हतं. दोन्ही पाणबुड्या वाट पाहत शेजारी शेजारी चालत राहिल्या. सगळ्या युद्धातला हा सगळ्यात अवघड प्रकार असावा: पाणबुडीने उघड्यावर थांबणं. कुणा गस्ती विमानाची नजर पडली असती तर दोघीही गेल्या असत्या.

शेवटी दोर बांधून रबरी होडी सोडली. नेताजी आणि हसन तिच्यात बसले. लाटा अंगावर येत होत्या, दोघंही चिंब भिजून पलीकडे पोहोचले. काही ठिकाणी २७, काही ठिकाणी २८ एप्रिल अशी तारीख मिळते. आय-२९ च्या खलाशांबरोबर नेताजी पुढच्या रांगेत बसलेले आहेत तो प्रसिद्ध फोटो २८ एप्रिलचा सांगतात.

जर्मन पाणबुडीवरचाही एक फोटो आहे, मनोऱ्यावर उघड्या हवेत मुझेनबर्गशेजारी उभे असलेले नेताजी. दोन फोटोंची गल्लत फार होते. शेजारी जपानी खलाशांची रांग असेल तर ती आय-२९.

जपानी पाणबुडीवर गेल्यावर घरी आल्यासारखं वाटलं, असं हसन म्हणत. जागा ऐसपैस, आणि पेनांगहून घेतलेल्या मसाल्यांमुळे जेवणाला चव. अडीच महिन्यांनी जिभेला तिखट लागलं तेव्हा कसं वाटलं असेल, ते परदेशात राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

नेताजींच्या बदल्यात जपानने जर्मनीला काय दिलं?

‘बदल्यात’ हा शब्द बरोबर नाही. भेट दोन्ही नौदलांच्या देवाणघेवाणीसाठी होती आणि नेताजींचा प्रवास त्यातच बसवला होता. यू-१८० ने टोकियोच्या जर्मन वकिलातीसाठीचं टपाल, जेट इंजिनांचे आराखडे आणि लष्करी सामान पलीकडे दिलं. आय-२९ कडून सुमारे दोन टन सोनं आलं, ते जर्मन तंत्रज्ञानाच्या मोबदल्यापोटी. आणि दोन जपानी नौदल अधिकारी आले: एमी तेत्सुशिरो आणि तोमोनागा हिदेओ. जर्मन पाणबुड्या कशा बांधतात ते शिकायला ते चालले होते.

म्हणजे ज्या रबरी होडीने आपले दोघे पूर्वेला गेले, तशाच होडीने हे दोघे पश्चिमेला आले. तोमोनागा हे पाणबुडीच्या रचनेतले नावाजलेले तज्ज्ञ. त्यांची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. दोन वर्षं युरोपात काढून ते एप्रिल १९४५ मध्ये यू-२३४ या जर्मन पाणबुडीने मायदेशी निघाले. बरोबर आणखी एक जपानी अधिकारी, शोजी गेन्झो, आणि मालात युरेनियम ऑक्साइडच्या पेट्या. अर्ध्या वाटेत जर्मनीने शरणागती पत्करली. कप्तानाने अमेरिकनांच्या स्वाधीन व्हायचं ठरवलं. जपान अजून लढत होता आणि त्या दोघांना कैद नको होती. त्यांनी झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. त्यांना समुद्रातच निरोप देण्यात आला.

ते सोनं आझाद हिंद सरकारचं होतं का?

नाही. ते जपान सरकारचं सोनं. आझाद हिंद सरकार २१ ऑक्टोबर १९४३ ला स्थापन झालं, म्हणजे या भेटीनंतर सहा महिन्यांनी. लोकांनी दागिने, पैसे देऊन उभा केलेला निधी ही वेगळी आणि नंतरची गोष्ट.

प्रवास नक्की किती दिवसांचा?

९ फेब्रुवारी ते २८ एप्रिल, म्हणजे यू-१८० वर ७८ दिवस. त्यापुढे आय-२९ वर आठवडाभर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुमात्राच्या टोकाला साबांग बेटावर ते उतरले आणि तिथून विमानाने टोकियोला गेले. ‘जर्मन पाणबुडी त्यांना थेट जपानला घेऊन गेली’ हे चूक.

मार्च १९४३ मध्ये गोव्यात जर्मन जहाजं बुडाली. त्याचा याच्याशी संबंध?

मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’ आणि इतर जर्मन जहाजं युद्ध सुरू झाल्यापासून अडकून पडली होती, कारण गोवा पोर्तुगीजांचा आणि पोर्तुगाल तटस्थ. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या टोळीने रात्री त्यांच्यावर छापा घातला आणि जहाजं पेटली, बुडाली. ‘एरेनफेल्स’वरून चोरटा रेडिओ चालतो आणि हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्यांना जहाजांची माहिती जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. यू-१८० तेव्हा अटलांटिकमध्ये होती. हिंदी महासागरात ती आल्यावर मुरगावात बोलायला कुणी उरलं नव्हतं. दोन घटना एकाच युद्धाच्या, एकाच वसंतातल्या, एवढाच धागा.

परतीच्या वाटेवर काय झालं?

३ जून १९४३ ला दक्षिण अटलांटिकमध्ये तिने ‘बोरिस’ हे ५,१६६ टनी ग्रीक मालवाहू जहाज बुडवलं. पूर्ण कारकिर्दीत तिच्या नावावर एवढीच दोन जहाजं आहेत, मिळून १३,२९८ टन.

ती परत येत होती तो काळ जर्मन पाणबुड्यांसाठी फार वाईट होता. एकट्या मे १९४३ मध्ये ४१ पाणबुड्या बुडाल्या, आणि जर्मन नौदलप्रमुख डोएनित्झला उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घ्याव्या लागल्या. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बिस्केच्या उपसागरावर दोस्त राष्ट्रांची विमानं घिरट्या घालत होती. त्या फटीतून, धूर सोडणाऱ्या इंजिनांसह, सोनं आणि दोन जपानी पाहुणे घेऊन ती ३ जुलै १९४३ ला जर्मनांच्या ताब्यातल्या बोर्दो या फ्रेंच बंदराला पोहोचली. त्याच्या आदल्याच दिवशी, २ जुलैला, नेताजी सिंगापूरला उतरले होते.

नंतर तिचं काय केलं?

बोर्दोच्या गोदीत ती महिनोन्‌महिने राहिली. ती सहा इंजिनं काढली आणि साधी, भरवशाची डिझेल इंजिनं बसवली. वेग घटला. टॉर्पेडोच्या नळ्या काढून टाकल्या आणि ती जागा मालासाठी मोकळी केली. सुमारे अडीचशे टन माल मावेल अशी ती मालवाहू पाणबुडी झाली. एप्रिल १९४४ मध्ये नवा कप्तान आला, रोल्फ रीझेन.

पाणबुडीने माल नेणं विचित्र वाटेल. पण जर्मनीला रबर, कथील, टंगस्टन, कुनैन हवं होतं, ते होतं आग्नेय आशियात, आणि साध्या जहाजांना आता वाट उरली नव्हती.

ती बुडाली कशी?

ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्त फौजा फ्रान्स मोकळा करत दक्षिणेकडे सरकत होत्या. बोर्दो जर्मनांच्या हातून जायला काही दिवसच उरले होते. निघू शकणाऱ्या पाणबुड्यांनी निघून जावं, असं झालं. २० ऑगस्टच्या सुमारास यू-१८० पूर्वेकडे निघाली. २३ ऑगस्टपासून तिचा पत्ता नाही. बोर्दोच्या पश्चिमेला, बिस्केच्या उपसागरात, ५६ च्या ५६ माणसं गेली.

बरीच वर्षं ‘२२ ऑगस्ट, सागरी सुरुंगाने बुडाली’ असं लिहिलं जायचं. आता ‘बेपत्ता’ एवढंच लिहितात. पाण्याखाली राहून डिझेल इंजिनाला हवा देणाऱ्या स्नॉर्केल नळीत बिघाड झाला असावा, असाही तर्क आहे. तसं झालं तर इंजिन पाणबुडीच्या आतलीच हवा ओढून घेतं किंवा विषारी धूर आत कोंडतो. कोणता शेवट खरा, हे सांगायला कुणी परतलं नाही.

जुळी बहीण यू-१९५ त्याच दिवसांत बोर्दोहून निघाली होती. तिने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला आणि डिसेंबर १९४४ मध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला पोहोचली. जर्मनी हरल्यावर ती जपान्यांनी ताब्यात घेतली.

आणि आय-२९?

तीही गेली. २६ जुलै १९४४ ला, युरोपचा दौरा करून जपानला परतताना, फिलिपीन्सच्या उत्तरेच्या सामुद्रधुनीत ‘सॉफिश’ या अमेरिकन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारले. म्हणजे ज्या दोन पाणबुड्यांमध्ये नेताजींनी ते तीन महिने काढले, त्या दोन्ही सव्वा वर्षात, एकमेकींपाठोपाठ महिन्याभराच्या आत समुद्राच्या तळाशी होत्या. नेताजी तेव्हा जिवंत होते. इम्फाळची मोहीम नुकतीच फसली होती.

कीलला गेल्यावर ती पाणबुडी बघता येते का?

नाही. लाबोची यू-९९५ ही वेगळी पाणबुडी, वेगळा प्रकार. तिच्यासमोर फोटो काढून ‘नेताजींची पाणबुडी’ म्हणून टाकू नका. ती १९७२ पासून लोकांना बघायला खुली आहे.

कीलशी आपला एक वेगळा धागा मात्र आहे. भारतीय नौदलाच्या ‘शिशुमार’ वर्गातल्या पहिल्या दोन पाणबुड्या कीलला बांधल्या आणि पुढच्या दोन, ‘शल्की’ आणि ‘शंकुल’, आपल्या माझगाव गोदीत. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’, १९९२ मध्ये नौदलात आली.

त्या ५६ जणांचं कुठे स्मारक आहे का?

आहे. कील आणि लाबो यांच्या मधे, खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर म्योल्टेनॉर्ट इथे. दोन्ही महायुद्धांत गेलेल्या जर्मन पाणबुडी खलाशांची नावं तिथे कांस्य पट्ट्यांवर आहेत, पाणबुडीच्या क्रमांकानुसार लावलेली. दुसऱ्या महायुद्धातलीच सुमारे तीस हजार. भिंतीलगत चालत गेलं की एकेका क्रमांकाखाली नावांचे रकाने येतात. कुठे दोन-चार, कुठे पन्नासहून जास्त. पन्नासहून जास्त दिसली की समजायचं, त्या पाणबुडीतून बहुधा कुणी बाहेर आलं नाही.

हे स्मारक १९३८ मध्ये आजच्या रूपात उभं राहिलं. कीलहून समुद्राकडे जाणारी प्रत्येक बोट त्याच्या समोरून जाते. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजींना घेऊन यू-१८० तिथूनच गेली. तेव्हा त्या भिंतीवर पहिल्या महायुद्धातले खलाशी होते.

(उत्तर वाचून पुढचा प्रश्न नेहमी येतो, म्हणून आधीच सांगतो: तिथे जायला तिकीट काढावं लागत नाही असं समजून चालू नका, वेळा आणि दर जाण्याआधी बघून घ्या. कीलहून लाबोला बोटीने गेलात तर स्मारकाचा खांब आणि त्यावरचा गरुड पाण्यावरूनच दिसतो, उजव्या हाताला.)